तिसऱ्याच्या हातातला पत्ता

पत्ते म्हटले की अम्मींच्या कपाळाला आठी पडते. पैसा लावत नाही, हे त्यांना दर रविवारी सांगावे लागते. आम्ही चौघे शिक्षक 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळतो. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांचा हा 1993 चा अमेरिकी खेळ. त्यातला 'कमांडर' आमचा आवडता: प्रत्येकाची 100 पत्त्यांची गड्डी, 40 प्राण.

पण प्राण मोजतो कोण! एकाने 2020 चा 'थासाज ऑरॅकल' उतरवला आणि त्याचा परिणाम लागू होण्याआधीच 1995 चा 'डिमॉनिक कन्सल्टेशन' टाकला, की संपले. गड्डीत नसलेल्या पत्त्याचे नाव घ्यायचे. तो शोधता शोधता सारी गड्डी खेळाबाहेर जाते. गड्डी रिकामी, म्हणून ऑरॅकलवाला विजयी.

तत्पूर्वी उरलेल्या तिघांना क्रमाने संधी मिळते: अडवणार का? पत्ता एकाचा खर्ची पडतो, वाचतात तिघे. म्हणून पहिला दुसऱ्याकडे पाहतो, दुसरा तिसऱ्याकडे. तिसऱ्याचा हात रिकामा निघाला तर तिघेही गेले. थकलेल्या पगाराविषयी हेडमास्तरांशी आधी कोण बोलणार, असा प्रश्न निघाला की स्टाफरूममध्येही आम्ही असेच बघत बसतो.

आमचे गणिताचे सर मात्र पहिले असले तरी पत्ता टाकून मोकळे होतात, आणि बहुधा हरतात. पुढचा हल्ला कोणावर करायचा हे ठरवताना आम्ही त्यांना वगळतो. निदान दोन फेऱ्या तरी.