वाऱ्या, ससा आणि वेताळ टेकडी

रविवारची सकाळ, सव्वासहा. आख्खं कोथरूड साखरझोपेत असतं आणि वेताळ टेकडीवर मात्र जत्रा! कानात इअरफोन घालून धावणारे, हातवारे करत हसणारे आजोबा, मोर टिपायला आलेले कॅमेरेवाले आणि आम्ही कुत्रेवाले. आमची जमातच वेगळी. एकमेकांची नावं आम्हाला ठाऊक नसतात, कुत्र्यांची बरोब्बर पाठ असतात. ‘ब्रुनोची आई’, ‘सिंबाचे बाबा’... मी ‘वाऱ्याची ताई’.

वाऱ्या कारवानी आहे. मामाच्या आटपाडीकडच्या गावाहून पिल्लू म्हणून आला. लांब तोंड, पोट पाठीला टेकलेलं. गुबगुबीत लॅब्रेडॉरांच्या घोळक्यात तो कायम डाएटवर असलेल्या मॉडेलसारखा दिसतो. ‘याला खायला घालता की नाही?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ठरलेला. पण याच्याच सख्ख्या भावकीतल्या मुधोळ हाउंडवर 2005 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालंय, हे मी लगेच ऐकवते. भाव खायची संधी कोण सोडणार?

टेकडीवर ससे आहेत. पाषाणच्या बाजूने चढून खाणीकडे निघालात, तर गिरिपुष्पाच्या झाडीच्या कडेला, वाळक्या गवतात एखादा दिसतोच. पांढरा, लाल डोळ्यांचा नव्हे, तो दुकानातला. हा आपला रानससा, मातकट रंगाचा. हा बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो. अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम गोळी सुटावी तसा सुटतो.

ब्रुनो दर रविवारी त्याच्यामागे धावतो. ससा दोन वळणं घेतो, ब्रुनो जीभ लोंबवत परत येतो, आम्ही सगळे हसतो. आमचा फुकटचा कॉमेडी शो! ‘पळू दे हो, सापडतोय थोडाच?’ हे वाक्य मीही कितीदा म्हटलं असेल.

गेल्या डिसेंबरात तो सापडला.

वाऱ्या मोकळाच होता. ससा उठला आणि वाऱ्याने हाका ऐकणं बंद केलं. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करते. समोर पळणारं काही दिसलं की कान जणू बंदच होतात. सशाने डावीकडे वळण मारलं, वाऱ्यानेही मारलं. पुन्हा उजवीकडे. चार-पाच सेकंदांत सगळं संपलं. वाऱ्याने तो आणून माझ्या बुटांपाशी ठेवला आणि शेपूट हलवत माझ्याकडे बघत उभा राहिला. रक्त फारसं नव्हतं. पोट भराभर वरखाली होत होतं, मग तेही थांबलं.

कोणीच हसलं नाही. सिंबाचे बाबा तेवढं म्हणाले, ‘ताई, तिथेच झुडपाखाली ठेवा. घरी वगैरे नेऊ नका.’ बरोबरच होतं. 1972 च्या कायद्याने ससा संरक्षित आहे. मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा. म्हणजे आम्ही दर रविवारी ज्याला मजा म्हणत होतो, ती काय होती, ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी मामाला फोन केला. मला रडायला येत होतं. तो मात्र खूश. ‘पोरी, कुत्रं नंबरी निघालं की गं!’

‘मामा, मेला तो ससा.’

‘मग? कारवानी हाय ते. चेंडू आणून द्यायला थोडंच दिलंय तुला?’

यावर काय बोलणार! त्याच्या माळावर हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच पाळलं गेलं. मी त्याला तिसऱ्या मजल्यावर आणलं, दोन वेळचा भात-चिकन दिला आणि समजले की तो बदलला. वाऱ्याला ओरडावंसंही वाटेना.

डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी जंताचं औषध दिलं. सशाच्या पोटात टेपवर्मच्या गाठी असू शकतात, कुत्र्याने तो खाल्ला तर त्याला जंत होतात. मग म्हणाले, ‘मोकळं सोडणं बंद. लांब दोरी घ्या.’

आता दहा मीटरची दोरी आहे. चिखलात माखते, बाभळीत अडकते, ऑफिसला जाताना हाताला वळ दिसतात. पहाटेची वेळही बदलली. अंधुक उजेडात ससे चरत असतात, म्हणून आम्ही ऊन चढल्यावर जातो. गर्दी पांगलेली असते. ब्रुनोच्या आईला मी दोरीबद्दल सांगितलं. ‘अगं, आमच्या ब्रुनोला कुठे जमतंय!’ म्हणून ती हसली. अजून मोकळाच असतो तो.

गेल्या रविवारी खाणीच्या वरच्या गवतातून एक ससा उठला. वाऱ्या ताठ. दोरी ताणलेली, त्याची मांडी थरथरत होती, माझी मूठही. ससा वेताळाच्या देवळाकडे पळाला आणि गवतात दिसेनासा झाला. आम्ही दोघं बराच वेळ तिकडेच बघत उभे होतो.