पेन्सिल खाली ठेवा

प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गावर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं. साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की शिक्षक दुसऱ्याला उभं करतो, प्रश्न बदलतो, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून पुढं जातो. रोबाईंनी काही शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली. तेवढ्यानं मुलांची उत्तरं लांबली, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं, आणि मागच्या बाकांवरची, ‘कच्ची’ म्हणून सोडून दिलेली मुलं बोलायला लागली. महाविद्यालयांत ध्यान-अवधान आणायचं म्हणून हल्ली बरंच बोललं जातं. त्या सगळ्यात माझ्या लेखी या तीन सेकंदांना पहिला मान आहे.

मी बेंबळीत राहते आणि धाराशिवला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी बरीचशी मुलं अशाच गावांतून एसटीनं येतात. कुणी रात्रीच्या पाळीची लाईट होती म्हणून रात्रभर पाणी देऊन आलेलं असतं, कुणी भाकरी थापून, धाकट्या भावंडांना शाळेत घालून. पहिल्या तासाला ही मुलं बाकावर बसतात, पण मन यायला वेळ लागतो. ते यायच्या आत मी फळ्यावर लिहायला सुरुवात केली, तर फळ्यावरचं वहीत उतरतं, डोक्यात काही उतरत नाही. म्हणून तास सुरू होताना मी दोन मिनिटं काहीच शिकवत नाही. हजेरी सावकाश घेते. नाव उच्चारते, मान वर करते, चेहरा दिसला की पुढचं नाव. कोण झोपलेलं नाही, कोणाचे डोळे रडून लाल झालेत, कोण आठ दिवसांनी आलंय, हे मला त्या दोन मिनिटांत कळतं. पुढच्या पन्नास मिनिटांत कुणाला काय विचारायचं आणि कुणाला आज नाही विचारायचं, हे त्यावरच ठरतं.

खरं काम प्रात्यक्षिकाच्या तासाला होतं. जुलैत, आमच्या भागात सोयाबीन हातभर होण्याच्या आधी, मी त्याची रोपं मुळासकट, मातीसकट उपटून आणते. प्रत्येक टेबलावर एक. मुलं सवयीनं जर्नल उघडतात, पेन्सिलीला टोक करतात आणि गाईडमधली आकृती उतरवायच्या तयारीला लागतात. मी सांगते, दहा मिनिटं पेन्सिल खाली ठेवा. मोबाइल पिशवीत. बोलायचं नाही. फक्त बघायचं.

पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांचं बघून झालेलं असतं. ‘मॅडम, सोयाबीनच हाय की,’ असं कुणीतरी म्हणतंच. ज्याच्या घरी आजोबांपासून शेती आहे त्याला सोयाबीन काय बघायचं? मी काही बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चुळबूळ सुरू होते. बाक वाजतात, मनगटावरच्या घड्याळाकडं नजर जाते. पाचव्या मिनिटानंतर एकेकाची मान खाली जाते आणि रोप हातात फिरायला लागतं. मग दिसतं, की सगळ्यात खालची, वाळत आलेली दोन डाळिंब्यांसारखी दलं गळायच्या बेतात आहेत. त्यांच्यावरची पहिली दोन पानं साधी आहेत, एकमेकांच्या समोर. आणि त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं, एका आड एक बाजूनं निघालेलं. जन्मभर सोयाबीन खुरपलेली मुलगी एकदम मान वर करते आणि विचारते, ‘मॅडम, पहिली दोनच पानं अशी का?’

त्या प्रश्नासाठी मी वाट बघत असते. तो मी विचारला असता तर त्याचं उत्तर पाठ झालं असतं. तिनं विचारला, म्हणून आता टेबलाभोवतीची सगळी रोपं तपासली जातात. कुणी पानाच्या देठाच्या टोकाशी, पर्णिकेच्या बुडाला असलेला फुगवटा बोटानं चाचपतो. दुपारी पाण्याचा ताण पडला की सोयाबीनची पानं उलटून पांढुरकी दिसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. ती या फुगवट्याच्या पेशींत पाणी कमी-जास्त झाल्यानं वळतात, हे त्या दिवशी बोटाला कळतं. मग मुळं. मुळांवरच्या गाठी बघून एकदोघं रोग म्हणतात. मी ब्लेड देते. गाठ मधोमध कापली की आतून गुलाबी, ओल्या मांसासारखा रंग निघतो. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरतायत, त्याची ही खूण. जुन्या, थकलेल्या गाठी हिरवट-राखाडी निघतात. ज्यांच्या घरी दर मृगात बियाण्याला रायझोबियम चोळतात, ती मुलं हा रंग पहिल्यांदा बघतात आणि थोडा वेळ कुणीच बोलत नाही. ही शांतता मी लादलेली नसते. समोरच्या वस्तूनं ती आणलेली असते.

ध्यान शिकवायचं म्हणजे काय, याचं माझं उत्तर एवढंच आहे. मन एका ठिकाणी आणायचं, ते सुटलं की न रागावता परत आणायचं, आणि परत आणण्यात कंटाळायचं नाही. विल्यम जेम्सनं १८९० मध्ये मानसशास्त्राच्या आपल्या मोठ्या ग्रंथात भरकटलेलं लक्ष पुन्हा पुन्हा जागेवर आणण्याची ताकद वाढवणं, हेच खरं शिक्षण, असा विचार मांडला होता. ते करायचं कसं, हे मात्र सांगणं अवघड आहे, असंही त्यानं कबूल केलं होतं. शास्त्राच्या माणसाला तर हे गुण चैनीचे नाहीत. बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या कणसावरचे रंगीत ठिपके वर्षानुवर्षं बघत राहिल्या. जनुकं गुणसूत्रावर आपली जागा बदलतात हे त्यांना त्या ठिपक्यांत दिसलं, आणि १९५१ साली त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं, तेव्हा फारसं कुणी ऐकून घेतलं नाही. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. प्रत्येक रोप त्या ओळखत होत्या. आमच्या मुलींना मी हे सांगते, कारण बघण्याचा हा धीर त्यांच्या घरात आधीच आहे. तिफणीमागं चाड्यावर मूठ धरणारी बाई सगळं लक्ष बोटांत आणून बी सोडते. तिचं मन जरा हललं, की आठ दिवसांनी त्या तासात नांगं दिसतं.

विद्या आणि ध्यान एकाच छपराखाली असणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. धाराशिवजवळच्या डोंगरातली लेणी माझ्या विद्यार्थ्यांना सहलीपुरती माहीत असतात. ती मुळात बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. पण मोठ्या लेण्यात शिरलं, की मांडणी लगेच उमजते. मधे खांबांचा मोठा सभामंडप, भोवती भिंतींत कोरलेल्या एकेका माणसाच्या खोल्या. एकत्र बसून ऐकायचं, म्हणायचं, वाद घालायचे, आणि मग आपापल्या खोलीत जाऊन ते स्वतःशी पडताळायचं. नालंद्याच्या अवशेषांतही अंगणाभोवती अशाच खोल्या दिसतात. आमच्या आजच्या महाविद्यालयांत सभामंडप आहे, तो दिवसभर भरलेलाही असतो. एकट्यानं बसून पडताळायची खोली तेवढी राहून गेली. माझी दहा मिनिटं ही तीच खोली आहे, टेबलावर मांडलेली.

मी स्वतः इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस बसून आले आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे. आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणणं, हे तिथं पहिले तीन दिवस करायचं असतं. महाराष्ट्र शासनानं २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीनं ‘मित्र’ उपक्रमातून हेच आनापान शाळांमध्ये नेलं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यानं गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला आणि तिथून ही वाट विद्यापीठांत शिरली. तेव्हा उपाय जुना आहे आणि जगभर पसरलेला आहे. पण तो मुलांवर नुसता लादून भागत नाही. ब्रिटनमध्ये ८०हून अधिक शाळांतल्या ११ ते १३ वर्षांच्या ८ हजारांवर मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा सजगतेच्या तासांनी मुलांच्या मनःस्वास्थ्यात जास्त भर पडलेली दिसली नाही. शिक्षकांचा थकवा मात्र, निदान सुरुवातीच्या काळात, कमी झालेला दिसला. हा निकाल वाचून मला निराशा वाटली नाही. सुरुवात कुणापासून करायची, ते त्यात लिहिलेलं आहे. शिक्षक थांबायला शिकला, तर वर्गाला थांबायला जागा मिळते.

वर्गात मी मुलांना डोळे मिटायला सांगत नाही. त्याला कारण आहे. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट अनुभवलेली घरं आहेत. पुढं दुष्काळाची वर्षं आली, कर्जापायी बाप गमावलेली मुलं माझ्या वर्गात बसून गेली आहेत. ज्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं तेच येतं, त्याला डोळे मिटून शांत हो म्हणणं क्रूरपणा आहे. ध्यानानं काहींना त्रास होतो, जुनं भय उसळून येतं, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय. म्हणून उघड्या डोळ्यांनी, समोर रोप ठेवून, पाहिजे तेव्हा उठून पाणी प्यायची मुभा देऊन हे करायचं. आणि ज्या मुलाला खरंच मदत हवी, त्याला ध्यान न देता माणूस द्यायचा, डॉक्टर द्यायचा.

दुसरं कारण असं, की या वर्गात कुणाच्या घरी तळहातावर इष्टलिंग घेऊन नजर स्थिर करतात, कुणाच्या घरी हरिपाठ होतो, कुणी नमाज पढतं, कुणी बुद्धविहारात त्रिशरण म्हणतं. प्रत्येकाकडं मन थाऱ्यावर आणायची आपली वाट आहे. वर्गात मी कुणा एकाची वाट सगळ्यांना धरायला लावत नाही. पानाला जात-धर्म नसतो, त्याच्यासमोर सगळ्यांना सारखं बसता येतं.

धाराशिवजवळच्या तेरला गेलं, की संत गोरोबाकाकांच्या घराशी थांबल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. नामात रंगून चिखल तुडवताना काकांच्या पायाखाली रांगतं लेकरू आलं, अशी कथा लहानपणापासून ऐकत आले. भक्तीच्या अंगानं ती कथा काय सांगते ते वारकऱ्यांना ठाऊक, आणि पांडुरंगानं ते लेकरू परत दिलं हेही. शिकवायला लागल्यापासून मात्र त्या कथेतलं लेकरू माझ्या मनातून जात नाही. विषयात रंगून बोलणारे उत्तम शिक्षक मी पाहिलेत. वर्गात कोण मागं पडलंय याचं त्यांना भान नसतं. आमच्या धंद्यात तल्लीनता पुरत नाही. पायाशी आलेलं लेकरू दिसलं पाहिजे. ज्या ध्यानानं ते दिसेल, ते ध्यान वर्गाच्या कामाचं.

याच कारणानं मला एक भीती वाटते. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक आले आणि सजगतेचाही दोन श्रेयांकांचा पेपर होऊ शकतो: नोट्स, बहुपर्यायी प्रश्न, हजेरीपट. श्वासावर चार गुणांचा प्रश्न आला, की मुलं श्वासही पाठ करतील. त्याहून वाईट म्हणजे, जिथं माणसं नेमायला हवीत तिथं ध्यानाचा वर्ग भरवणं. तासिका तत्त्वावर काम करणारे आमचे तरुण सहकारी सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात शिकवतात; मानधन महिनोन्‌महिने येत नाही, मे महिना आला की काहीच येत नाही. त्यांचा थकवा श्वासानं जाणार नाही. त्यांना पूर्ण पगाराची जागा पाहिजे. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याच्याकडून वर्गात स्थिर मन मागायचा अधिकार व्यवस्थेला नाही. व्यवस्थेला अवधानाबद्दल कळकळ असेल, तर रिकाम्या जागा भरणं हे तिचं पहिलं काम आहे.

‘मॅडम, अभ्यासक्रम कसा पुरा होणार?’ हे सहकारी विचारतात, आणि प्रश्न खरा आहे. दर प्रात्यक्षिकात दहा मिनिटं गेली, म्हणजे वर्षभरात काही आकृत्या काढायच्या राहतात. माझा अनुभव असा, की त्या दहा मिनिटांनंतर काढलेली आकृती मुलं विसरत नाहीत, आणि मला तेच पुन्हा शिकवावं लागत नाही. ज्याचं नाव त्यांना आठवत नाही, त्याचा आकार आठवतो. आकारावरून नाव शोधता येतं, उलट होत नाही.

मला विद्यापीठाकडं मागायचं असेल, तर वेगळा पेपर मी मागणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न मागेन. विद्यार्थ्यापुढं त्याच्या भागातलं एक रोप ठेवावं, दहा मिनिटं त्याला पेन्सिल हातात घेऊ देऊ नये, आणि मग पुस्तकात नाही असं या रोपात काय दिसलं ते लिहायला सांगावं. दिसलेलं खरं आहे का, हे तपासायला परीक्षकालाही ते रोप नीट बघावं लागेल. एका प्रश्नानं दोघंही बघायला लागतील, आणि तो प्रश्न येणार म्हटल्यावर वर्षभर वर्गातही बघणं सुरू होईल. परीक्षेत येतं तेच शिकवलं जातं, ही आपली रीत आहे. तिचा एवढा तरी उपयोग करून घेऊ या.