वऱ्हाडच्या आसपासची माणसं

वेल्स देश लहान, पण गणिताला त्यानं दिलेलं देणं मोठं. बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापलं ते टेन्बीच्या रॉबर्ट रेकॉर्डनं, १५५७ मध्ये. वर्तुळाच्या 'पाय'चं चिन्ह अँगल्सीच्या विल्यम जोन्सचं, १७०६ चं. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडच्या शाळांत ही दोन्ही चिन्हं रोज फळ्यावर उमटतात. आपल्या भागातल्या संशोधकांची नावं मात्र त्या फळ्यावर क्वचितच येतात.

●

दादाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शाळा तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या धानाबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी बाजूला काढल्या. पुढची काही वर्षं तेच बी निवडून निवडून पेरत राहिले. दाणा बारीक, चव सरस, उतारा चांगला. त्या काळी घड्याळ म्हणजे एचएमटी, तेच नाव या वाणाला पडलं आणि तो राज्याबाहेरही गेला. २०१८ मध्ये दादाजी वारले. पदवी नव्हती, पण पाहणं, निवडणं, पुन्हा पेरून खात्री करणं हे सगळं त्यांनी केलं. मी त्यांना शास्त्रज्ञच म्हणतो.

●

डॉ. विजय भटकर १९४६ मध्ये अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्यात जन्मले. आमचा वाशिम जिल्हा १९९८ चा; त्याआधी रिसोडही अकोला जिल्ह्यातच होतं. 'परम ८०००' हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्यात उभा राहिला.

●

पावसाळ्यात धुऱ्यावरचा दगड उचलताना इथं प्रत्येक जण दबकतो. लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की रक्तदाब उसळतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि कोकणात महाडजवळ सरकारी दवाखान्यात रुजू झाले. एकेका रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी हा क्रम टिपला. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर चालते, हे त्यांनी दाखवलं आणि 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. गंभीर रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एका टक्क्यापर्यंत उतरलं. मोठी प्रयोगशाळा नव्हती; खाट होती, नाडी होती, वही होती. या कामाइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

●

माणसांइतकंच विज्ञान इथल्या जमिनीतही आहे; लोणार तर शेजारच्याच तालुक्यात. काळ्या बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. २०२० च्या जूनमध्ये त्यातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं.

●

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळाशाळांत सी. व्ही. रामन यांच्यावर भाषणं होतात, व्हायलाच हवीत. गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती: त्या दिवशी दादाजींच्या तीन लोंब्यांची आणि बावस्करांच्या गोळीचीही गोष्ट सांगा, आणि जमलं तर मुलांना लोणारच्या काठावर घेऊन जा.