आधी कॉलसाइन

मामूंचा पीके-232 आता माझ्या टेबलावर असतो. अमेरिकेतल्या एईए कंपनीनं 1980च्या दशकात काढलेला हा डेटा कंट्रोलर. हॅम रेडिओ आणि संगणक यांच्यामधला दुभाषाच म्हणा ना. रेडिओतून आलेली चिरचिर तो अक्षरांत उतरवतो आणि आपण टाइप केलेल्या अक्षरांची चिरचिर करून रेडिओकडे देतो. मोर्स, ॲमटॉर, पॅकेट असे बरेच प्रकार त्याला येतात. मी वापरते ते पॅकेट.

त्याला माऊस नाही, चित्रं नाहीत. स्क्रीनवर ‘सीएमडी’ आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं येतात, म्हणजे हुकूम सोडा. मराठीत आज्ञार्थ, उर्दूत फ़ेल-ए-अम्र, तेवढंच व्याकरण या डब्याला कळतं. ‘कनेक्ट’ऐवजी नुसतं सी चालतं, ‘डिसकनेक्ट’ऐवजी डी. ‘कॉन्व्हर्स’ म्हटलं की गप्पांचं दार उघडतं, कंट्रोल-सी दाबलं की पुन्हा हुकमांच्या ओट्यावर.

पण हुकूम सोडणाऱ्यालाही एक अट आहे. आधी ‘मायकॉल’. आपला कॉलसाइन भरल्याशिवाय हा पॅकेटमध्ये एक शब्द हवेत जाऊ देत नाही. एकदा भरला की प्रत्येक पॅकेटला तो आपोआप लागतो: कोणासाठी, कोणाकडून, मग मजकूर. कॉलसाइनला जागा सहा अक्षरांची. आपल्याकडचे कॉलसाइन व्हीयूनं सुरू होतात. आडनाव त्यात मावत नाही.

मामूंच्या छतावरच्या अँटेनाकडे मात्र लोक आडनावासकट बघत. कुठे काही घडलं, टीव्हीवर बातमी आली, की गल्लीत कुजबुज व्हायची. एकदा कुणीतरी चौकीत सांगितलं आणि हवालदार दारात आले. लायसन्स भिंतीवर मक्केच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलेलंच होतं. मामूंनी ते दाखवलं, चहा सांगितला आणि ‘मॉनिटर’ चालू करून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “साहेब, बसा. जे येईल ते वाचा.” ओळी येत गेल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला कोण, कोणाला. हवालदारांनी विचारलं, “हे सगळ्यांना दिसतं?” ज्याच्याकडे असा डबा आहे त्या सगळ्यांना. हॅमला सांकेतिक भाषेत बोलायची परवानगीच नाही, साध्या भाषेतच बोलावं लागतं आणि लॉगबुक ठेवावं लागतं. गल्लीतल्या कुठल्या फोनचं बोलणं इतकं उघडं होतं? तरी पुढल्या बातमीला कुजबुज झालीच. मामू छतावर जाऊन तारा नीट करत राहिले.

मला स्वतःला ‘अनप्रोटो’ आवडतो. ‘कनेक्ट’मध्ये समोरच्याची पोच यावी लागते. नाही आली तर डबा पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, ‘रिट्राय’ दहावर असेल तर तेवढ्या वेळा, आणि मग संबंध तोडतो. ‘अनप्रोटो’त पोच मागायचीच नाही. सगळ्यांसाठी सोडून द्यायचं, ऐकेल तो ऐकेल. आठवीच्या शेवटच्या बाकापर्यंत मी हेच करते.

मामूंच्या लॉगबुकात त्यांची उर्दू रोमन लिपीत आहे. डबा मुळात सात बिटांचा. ‘8बिटकॉन्व्ह’ बंद असतो तेव्हा आठवा बिट तो कापून टाकतो, आणि आपल्या दोन्ही लिप्यांचा चुरा होतो. उर्दूला मराठीपासून वाचवायला निघालेले आणि मराठीला उर्दूपासून वाचवायला निघालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. या डब्यापुढे दोघी सारख्याच बिनलिपीच्या.

उपाय मॅन्युअलमध्येच होता. ‘एडब्ल्यूलेन’ आठ करायचा, ‘पॅरिटी’ शून्य, मग ‘रिस्टार्ट’, आणि ‘8बिटकॉन्व्ह’ ऑन. संगणकावरचा टर्मिनल युनिकोड वाचणारा हवा, एवढंच. ‘पॅकलेन’ 128 असेल तर एका पॅकेटमध्ये 128 बाइट. उर्दूतला ‘सलाम’ आठ बाइटांत बसतो. मराठीतल्या ‘सलाम’ला बारा लागतात, कारण देवनागरीत काना धरून प्रत्येक चिन्हाला तीन. एका ओळीला पुरे होतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 145.825 मेगाहर्ट्झला पॅकेटचा रिपीटर आहे, आणि तो 1200 बॉडच बोलतो, मामूंच्या डब्याइतकाच. स्थानक डोक्यावरून जातं ते फार तर दहा मिनिटं. अनप्रोटोला ‘सीक्यू व्हाया एआरआयएसएस’ असं दिलं, ‘कॉन्व्हर्स’मध्ये गेले आणि एका ओळीत दोन्ही सलाम लिहून एंटर दाबलं. पहिल्या दोन वेळा काहीच नाही. तिसऱ्यांदा ओळ परत आली: माझा कॉलसाइन, स्थानकाचा कॉलसाइन, त्यापुढे चांदणी, म्हणजे तिथून फिरून आलेलं. आणि मग दोन्ही लिप्या, अक्षर न् अक्षर.

मामूंच्या लॉगबुकात पुष्कळ कोरी पानं उरली होती. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात मजकूर जसाच्या तसा उतरवला, एक सलाम उजवीकडून, एक डावीकडून.