आयसीयूची नर्स मनोरुग्णालयात शिकते

डोंबिवलीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत मी नोकरी करते. जीएनएमनंतर क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केला होता, त्यामुळे व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, इनोट्रोप्स हे सगळं हातात बसलेलं. चाळिशी जवळ आली तेव्हा मी दुसरा डिप्लोमा करायचं ठरवलं, सायकियाट्रिक नर्सिंगचा. घरी आणि ड्युटीवर सगळ्यांचा प्रश्न एकच होता, कशाला? करायचाच आहे तर कार्डिॲक कर, निओनेटल कर, परदेशात जायला तरी उपयोगी पडेल. आमच्या इन्चार्ज सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "कर. तुला इथल्याच बेडजवळ लागणार आहे ते."

आमच्याकडे विष घेतलेले पेशंट येतात. मुरबाड-शहापूरच्या गावांतून येतात तसे कल्याणच्या चाळींतून आणि नव्या टॉवरांतूनही येतात. कीटकनाशकाची केस असली की ॲट्रोपिन सुरू होतं आणि पुढचा सगळा काळ नर्सच्या डोळ्यांवर चालतो. बाहुल्या बघायच्या, छातीला स्टेथो लावून घरघर कमी झाली का ते ऐकायचं, काखेतला घाम बघायचा, नाडी लिहायची. घरघर थांबली की औषध लागू पडतंय. पण तेच औषध जास्त झालं तर अंग कोरडं आणि गरम पडतं, पेशंट चादर उपसायला लागतो, हवेतून काहीतरी वेचायला लागतो, असंबद्ध बोलतो. दारातून बघणारे नातेवाईक घाबरतात. रात्री दोन वाजता हे सुरू झालं की डॉक्टरांना काय सांगायचं? ॲट्रोपिन जास्त झालंय? दारू पिणारा असेल आणि ती दोन दिवस मिळाली नाही म्हणून सुटणारा थरकाप आहे? इन्फेक्शन चढतंय? हे सगळं वेगवेगळं दिसतं, पण ते वेगळं ओळखायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते. आम्ही सरसकट "पेशंट इरिटेबल आहे" असं लिहायचो आणि हात बांधायचो.

आणि पेशंट वाचला की? नळी निघायची, वॉर्डात शिफ्ट, मग घरी. त्याला मरावंसं का वाटलं याला माझ्या चार्टमध्ये एकही रकाना नव्हता. त्यातले काही मी दुसऱ्यांदा आलेले पाहिले. मी शिकायला गेले ती त्यांच्यामुळे.

पण दुसरी शाखा शिकून पुढे काय? नात्यातली माझी एक बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीत नर्स प्रॅक्टिशनर आहे. तिकडे एका शाखेचं प्रमाणपत्र असलेली नर्स पदव्युत्तर सर्टिफिकेट करून दुसऱ्या शाखेची परीक्षा देते आणि त्या शाखेतही पेशंट तपासून औषध लिहून देऊ शकते. तिने फॅमिली शाखेनंतर सायकियाट्रिक-मेंटल हेल्थ घेतलं आणि तिचं काम बदललं, पगार बदलला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा एम. एस्सी. अभ्यासक्रम आणला आहे आणि 2018 साली केंद्राने मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाकीच्या शाखांत माझ्यासारख्या जीएनएम नर्सला जवळचा रस्ता म्हणजे पोस्ट बेसिक डिप्लोमा. तो मिळाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद करता येते. नोंद होते, पण त्या नोंदीसाठी पद नसतं. माझी रजा बिनपगारी होती आणि परत आल्यावर पगार जुनाच राहिला. याचा मला राग आहे आणि तो जायचं काही कारण मला अजून दिसलेलं नाही.

डिप्लोमाच्या प्रात्यक्षिकातला जो काळ मनात राहिला तो ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातला. हे रुग्णालय 1901 चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखलं जायचं. राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, बाकीची पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन याच आवाराच्या जमिनीवर व्हायचं आहे. आयुष्यभर लोकलने त्या बाजूने गेले होते, पण फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या भागात ठाण्याचं नाव अजूनही मुलांना दटावायला घेतात. आत गेल्यावर दिसल्या त्या सकाळच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका. त्यातल्या काही केव्हाच बऱ्या झालेल्या, पण घरून न्यायला कोणी येत नव्हतं.

तिथे आम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावं लागायचं. पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं. एका रकान्यात पेशंट काय बोलली, दुसऱ्यात मी काय बोलले, तिसऱ्यात त्या बोलण्याचा अर्थ. ती गप्प राहिली तर तेही लिहायचं, नजर कुठे होती, पदराशी काय चाळा चालला होता. आयसीयूत माझं बोलणं म्हणजे "काका, डोळे उघडा", "आजी, खोका", "हात सोडा". उत्तराची वाट बघायला वेळ नसतो, पुढचं इंजेक्शन भरायचं असतं. इथे एक बाई रोज माझ्याशेजारी बसायची आणि बराच वेळ काही बोलायची नाही. ट्यूटर म्हणाल्या, तुम्ही पण बोलू नका, फक्त उठू नका. मी बसले. मग एकदा ती म्हणाली, "ताई, तुम्ही घाईत नसता." ते वाक्य मी पहिल्या रकान्यात लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना.

परत आल्यावर ठरवलं, शिकलेलं आयसीयूतच वापरायचं. पहिलं काम डेलिरियमचं, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या संभ्रमाचं. त्यासाठी कॅम-आयसीयू नावाची तपासणी आहे आणि ती नर्सने दर ड्युटीला करायची असते. पेशंट व्हेंटिलेटरवर असला तरी चालतो. मी त्याचा हात हातात घेते, सांगते की "ए" ऐकू आला की माझा हात दाबा, आणि सावकाश म्हणते: एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाहीये, पुढचं तपासायला हवं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीही हे करतात, कारण अक्षर ओळखायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. धडपडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण "शांत आहे, त्रास देत नाही" अशी ज्याची ओव्हर आपण ड्युटी बदलताना देतो, त्यालाही डेलिरियम असू शकतो. त्याने कितीदा हात दाबलाच नाही! मग चष्मा द्या, कानाचं यंत्र घाला, रात्री डोक्यावरचा दिवा बंद करा, दिवसा उठवून बसवा, लेकीला जवळ बसून घरच्या गोष्टी बोलू द्या. हात बांधणं सगळ्यात शेवटी. याला पैसे लागत नाहीत, माणसं मात्र लागतात, आणि नाईटला आमच्याकडे तीच कमी असतात.

दुसरं काम विषाच्या केसेसचं. नळी निघाली आणि आवाज फुटला की पहिलं बोलणं पोलिसांच्या जबाबाचं नसावं, यासाठी मी भांडते. नातेवाईक कानात विचारतात, "सिस्टर, केस होईल का?" मी सांगते, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र तणावाखालचा समजतं, गुन्हेगार नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं. पडदा ओढून त्याच्याजवळ बसते आणि सरळ विचारते, "अजून तसंच वाटतंय का?" विचारल्याने मनात भरतं असं पुष्कळांना वाटतं, तसं होत नाही. होतं ते एवढंच की माणूस बोलायला लागतो. मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय डिस्चार्ज नाही, हे आता आमच्या युनिटमध्ये लेखी आहे. घरच्यांना टेली-मानसचा 14416 हा नंबर मी कागदावर नाही देत, त्यांच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते.

ब्रिटनमध्ये सर्वसाधारण रुग्णालयांत लायझन नर्स असते. तिचं कामच हे, शरीराच्या वॉर्डात मनाची काळजी घेणं. माझी मागणी तेवढीच आहे. आयसीयूत असं एक पद हवं, त्याला ड्युटी लिस्टमध्ये वेळ हवा आणि दुसऱ्या पात्रतेचा भत्ता हवा. तसा अर्ज मी मेट्रनमार्फत दिला आहे. सोबत युनिटमधल्या डेलिरियमच्या नोंदी जोडल्या आहेत, त्या आता प्रत्येक ड्युटीच्या चार्टमध्ये आहेत. गेल्या महिन्यात दोन ज्युनियर मुलींनी फॉर्म मागून घेतले, एकीने सायकियाट्रिकचा, एकीने ऑन्कॉलॉजीचा. रजेचा अर्ज कसा लिहायचा ते मी दोघींना बसून दाखवलं, आणि रजा पगारी मागा, असं सांगितलं.