पाणीमहालातील एक दिवस

मौज सहज मिळते, तशी ती हेतुपुरस्सर घडवताही येते. जत्रेतील उंच पाळणा, लाकडी घोड्यांचे चक्र, आरशांचा तंबू ही सारी माणसाने केवळ मौजेसाठी निर्माण केली. १९८९ साली मुंबईजवळ गोराई येथे एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका ही मनोरंजननगरी सुरू झाली, तेव्हा पुष्कळांना ही कल्पना अगदी नवी वाटली. नळदुर्गच्या रहिवाशास मात्र तसे वाटण्याचे कारण नाही. आमच्या किल्ल्यात १६१३ सालापासून असेच एक मौजेचे स्थान उभे आहे. त्याचे नाव पाणीमहाल.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्ग हे गाव आहे. गावालगत काळ्या दगडाचा विस्तीर्ण किल्ला असून त्याच्या कुशीत बोरी नदी आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह याच्या काळात या नदीवर दगडी बांध घालून नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हे दोन किल्ले जोडण्यात आले. बांध बांधणाऱ्या स्थापत्यकाराचे नाव मीर महंमद इमादीन. नदी अडवून तो थांबला नाही. त्याने बांधाच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात नदी भरून आली म्हणजे पाणी बांधावरून दोन धारांनी खाली झेपावते. लोक एका धारेस नर आणि दुसरीस मादी म्हणतात. महालात बसणाऱ्याच्या डोक्यावरून नदी जाते, डोळ्यांसमोरून कोसळते आणि तो मात्र कोरडा राहतो!

या महालात मी लहानपणापासून अनेकदा गेलो आहे. परंतु त्यांतील एका दिवसाची गोष्ट निराळी आहे.

माझा एक बालमित्र आहे. आम्ही दोघे शाळेत एकाच बाकावर बसत होतो. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो आणि तो पाटबंधारे खात्यात अभियंता झाला. मी जन्मभर व्याकरण शिकवले. त्याने जन्मभर धरणांची कामे केली. निवृत्तीनंतर तो पुण्यास मुलाकडे राहू लागला आणि तेथे त्याला काचबिंदूने गाठले. या विकारात दृष्टी बहुधा कडेकडेने नाहीशी होत जाते. समोरचे थोडे दिसते, पण ते नळीतून पाहावे तसे. आजूबाजूचे जग जणू कोणी पुसून टाकलेले असते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी औषधांनी जपावयाची असते.

एका उन्हाळ्यात नातवंडांनी त्याला एका मोठ्या मनोरंजननगरीत नेले. नंतर त्याचे पत्र आले. त्याने लिहिले होते, "सर्वत्र काहीतरी वेगाने फिरत होते. नातवंडे हसत होती, म्हणून मीही हसलो. पण मनात एक गोष्ट आहे. यंदा बोरी वाहू लागली की कळव. नर-मादी पुन्हा एकवार पाहावयाचे आहेत. पुढच्या वर्षी किती दिसेल, हे सांगता येत नाही."

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस चांगला झाला. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले आणि किल्ल्यातील धबधबे सुरू झाले. मी त्याच सायंकाळी दूरध्वनी केला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा मित्र काठी टेकत नळदुर्गच्या बसस्थानकावर उतरला.

किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उंबरा आहे. पुढे दोन पायऱ्या. आता उजवीकडे वळ," असे मी सांगत होतो आणि तो सावकाश पावले टाकत होता. आत फुलांचे ताटवे होते, पाण्यात नावा होत्या आणि सहलीस आलेल्या मुलांचा कलकलाट चालला होता. उपळी बुरुजाशी आल्यावर मित्र म्हणाला, "याला सत्तरांवर पायऱ्या आहेत. तरुणपणी आपण धावत चढलो होतो. आज राहू दे. पाय पाण्यासाठी राखून ठेवतो."

बांधावर पोहोचताच त्याने विचारले, "काय दिसते?"

मी म्हणालो, "फार सुंदर दिसते."

तो हसला. "मास्तर, मुलांच्या निबंधातला 'सुंदर' हा शब्द तू लाल शाईने खोडत होतास ना? काय दिसते, ते सांग."

मग मी पाहू लागलो. धारांचे पाणी वर गढूळ, तांबूस होते. खाली कोसळताना ते पांढरे होत होते आणि डोहात पुन्हा तांबूस होऊन फिरत होते. दगडांच्या फटींत पारवे बसले होते. तुषार उंच उडाले म्हणजे ते पंख झाडून जागा बदलत. ऊन आमच्या पाठीशी होते आणि त्यामुळे खालच्या तुषारांत एक इंद्रधनुष्य उमटले होते. वारा आला की ते पुसट होई आणि वारा पडला की पुन्हा स्पष्ट होई. हे सारे मी एकेक करून सांगितले. मध्येच तो विचारी, "तांबडा रंग वरच्या कडेला की खालच्या?" मी पुन्हा नीट पाही आणि सांगे, "वरच्या." दुसऱ्याला दाखवावयाचे असले म्हणजे आपल्यालाच किती दिसू लागते!

नंतर आम्ही जिन्याने महालात उतरलो. तेथे काळोख आणि गारवा होता आणि पाण्याचा घनगंभीर नाद भरून राहिला होता. आता मार्गदर्शक बदलला. मित्राने भिंत चाचपली, दगडांच्या सांध्यांवरून बोटे फिरवली आणि माझा तळहात धरून भिंतीवर टेकवला.

"काही जाणवते?"

"बारीक थरथर आहे."

"तो नदीचा हात," तो म्हणाला. "पाणी जितके खोल, तितका त्याचा रेटा अधिक. तो रेटा ही भिंत स्वतःच्या वजनाने थोपवून धरते. अशा भिंतीत पोकळी ठेवणे म्हणजे तिचे वजनच कमी करणे. तरीही या गृहस्थाने ती ठेवली आणि वरचा भार कमानींनी दोन्ही अंगांस वाटून दिला. आम्हीही धरणांच्या पोटात बोगदे ठेवतो, पण ते पाहणी करण्यासाठी. याने बैठक ठेवली! चारशे पावसाळे होऊन गेले, तरी त्याचा हिशेब चुकलेला नाही."

मी इतक्या वेळा या भिंतीजवळ बसलो होतो. तिचे हे बळ त्या दिवशी प्रथमच माझ्या तळहातास कळले.

खिडकीशी गेलो, तेव्हा समोर पाण्याचा पडदा कोसळत होता. मी सांगितले, की तो सलग नाही. त्याचे लोंबते गोंडे होतात, गोंड्यांचे मोती होतात आणि त्यांमधून पलीकडचे हिरवे रान क्षणभर दिसून नाहीसे होते. मित्राने चेहरा पुढे केला. तुषार त्याच्या चष्म्यावर आणि पांढऱ्या भुवयांवर साचले. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मला एक पांढरा गोल दिसतो आहे आणि तो हलतो आहे." एवढे बोलून तो हसला. या वेळी त्याला कोणाच्या हसण्याची वाट पाहावी लागली नव्हती.

महालाच्या फारसी शिलालेखात, या वास्तूच्या दर्शनाने मित्रांचे डोळे उजळतील, अशा आशयाचे शब्द आहेत. ते सांगावे की न सांगावे, असे मला क्षणभर वाटले. पण मी सांगितले.

त्याने विचारले, "मास्तर, 'मित्र' हा शब्द तेथे एकवचनी की अनेकवचनी?"

"अनेकवचनी."

"मग झाले तर! एकाचे उजळले नाहीत, तर दुसऱ्याचे उजळतील."

परतताना आम्ही तटाच्या सावलीत थोडे टेकलो आणि किल्ल्याच्या जुन्या गोष्टी निघाल्या. १८५३ साली हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहत होता. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा पहिल्याच दिवशी बोरीवरील पूल आणि नळदुर्ग तिच्या हाती आले. सुलतान गेले, निजाम गेला, तोफा मुक्या झाल्या. इमादीनने मौजेसाठी काढलेल्या महालासमोर मात्र नदी प्रत्येक चांगल्या पावसाळ्यात आपला पडदा सोडते.

सायंकाळी सोलापूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही बसस्थानकावर बसलो. शेजारी दहाबारा वर्षांचा एक मुलगा आपल्या आईबरोबर बसला होता. मित्राचे ओले कपडे पाहून त्याने विचारले, "आजोबा, किल्ल्यात काय आहे?"

माझा मित्र सांगू लागला. भिंतीची थरथर, कमानींनी वाटून घेतलेला भार, पंख झाडणारे पारवे, पाण्याचे गोंडे आणि मोती, सारे त्याने क्रमाने सांगितले. शेवटी तो म्हणाला, "आणि खाली तुषारांत इंद्रधनुष्य होते, बरे का! वारा आला की पुसट व्हायचे. तांबडा रंग वरच्या कडेला होता."

मुलगा डोळे विस्फारून ऐकत होता. मीही ऐकत होतो. त्या वर्णनात एक शब्दही खोटा नव्हता.