आईची चकली गूगलला का सापडेना?

"अगं, तुझं घर सापडत नाहीये!" जेसल पार्कला पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीचा हा फोन ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं: भाईंदरला पूर्वेला उतर, चौपाटी विचार आणि तिथून फोन कर. चौपाटीपर्यंत कुणीही आणून सोडतं. पुढची वाट घरच्यांनीच सांगायची.

वेबसाइटचंही सेम असतं, हे मला आईमुळे कळलं. आई घरून फराळ आणि मसाले विकते. एका सुट्टीत मी तिला झकास साइट बनवून दिली. पहिल्या पानावर मोठ्ठा फोटो, एक स्टायलिश बटण, बस्स! दिवाळी तोंडावर आली, तरी आमचं चकलीचं पान गूगलवर कुठेच नाही. आई शांतपणे म्हणाली, "असू दे. आता कुणाला हवंय घरचं?" ते मला जाम लागलं. कारण चूक तिच्या चकलीची नव्हती, माझी होती.

फंडा साधा आहे. सर्च इंजिनचा बॉट मुख्यतः लिंकवरून लिंकवर फिरत नवी पानं शोधतो. बटणं दाबत बसत नाही. माझ्या बटणामागे नुसती जावास्क्रिप्ट होती, पत्ता असलेली लिंकच नव्हती. पान होतं, वाट नव्हती! साइटमॅप दिला होता की मी. गूगलने २००५ मध्ये आणलेली ही सोय. पण ती पानांची फक्त यादी. यादीत नाव आलं म्हणून इंडेक्समध्ये जागा मिळेलच असं नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं, तेच मुळी लिंक म्हणजे एक शिफारस, असं मानून. आणि मी स्वतःच आईच्या चकलीची शिफारस केली नव्हती.

मग एक रविवार बसले. पहिल्या पानावरून फराळ, मसाले, लोणची. फराळातून चकली, चिवडा, अनारसे. 'इथे क्लिक करा'च्या जागी सरळ 'भाजणीची चकली'. काही आठवड्यांनी पान इंडेक्स झालं. पहिल्या नंबरवर नाही हं, पण सापडायला लागलं.

परवा फोन वाजला. अनोळखी बाई, नायगावच्या. आई खुशीत सांगत होती, "पूर्वेला उतरा, चौपाटी विचारा, तिथून मला फोन करा."